वरची हातभर जागा

तू कोण आहेस, हे मला माहीत नाही. म्हणूनच तुला सांगवतं. ओळखीच्या कुणालाच हे मी बोललेले नाही — आईला नाही, पोरीला नाही. देवापुढे हात जोडले तरी एवढी गोष्ट सोडून बाकीचं बोलते.

मी चौथीपर्यंत शिकले. लिहिता येतं, पण चार माणसांत तोंड उघडत नाही. लोक म्हणतात, शेवंता बिचारी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. असं कोणी म्हणालं की मला त्याचाच संशय येतो. याला कळलं तर नाही? मुद्दाम तर बोलत नाही?

एका भिंतीची गोष्ट आहे. भिंत तरी कशाची — बांबूच्या कमच्यांचा कूड, वरून मातीचा लेप.

आम्ही तेव्हा चांद्याला राहायचो. पहिलं मतदान झालं, त्याच्या पुढचं वर्ष. हे एका लाकडाच्या ठेकेदाराकडे आरा गिरणीवर होते. ठेकेदाराच्या घराखाली दगडी तळघर होतं, ते त्याने आम्हाला राहायला दिलं. एक जिना, आणि रस्त्याच्या अंगाला छताजवळ एक झरोका. झरोक्यातून फक्त जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय दिसायचे. दिवसभर ते पाय बघून मी ओळखायची कोण गेलं — आणि कोण उगाच थांबलं.

आम्ही तिघं होतो. हे, मी आणि माझी थोरली जाऊ. तिला आम्ही सगळे बाई म्हणायचो. हे मात्र वैनी म्हणत. माझे भासरे, म्हणजे तिचे मालक, लवकर गेले, तिला मूल नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा हे इतके लहान होते की तिने यांना कडेवर घेतलं होतं म्हणे. यांना नावाने हाक मारणारी घरात तीच एक. नामा.

माझी दोन मुलं पोटातच गेली होती. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा विहिरीवर एक शेजारीण मला म्हणाली, "सकाळी उठून कोणाचं तोंड पाहतेस वं तू? मंग पोटात टिकन कसं?" एवढंच बोलली आणि बादली उचलून गेली.

झालं. तेवढं पुरलं मला.

बाई रोज पहाटे चूल पेटवताना काहीतरी पुटपुटायची. आधी मला ते ऐकूही येत नव्हतं. आता मी झोपेचं सोंग घेऊन कान देऊन पडायची. शब्द कळायचा नाही. माझं नाव घेते का? ती माझ्या ताटात वाढायची तेव्हा तिच्या बोटांकडे बघायची मी. तिने पदर सारखा केला तरी वाटायचं, काय लपवलं? तुला कधी असं झालं आहे का? एकदा संशय आला की माणसाचं चांगलं वागणंही त्यातच मोजलं जातं. तिने मला दुधाची साय दिली — का दिली?

मी यांना म्हणाले, लेकरू येणार, आडोसा पाहिजे. यांनी गिरणीवरून सागाच्या बारीक बल्ल्या आणल्या, बांबू आणला, आणि सांगितलं, दिवसभर मला वेळ नाही, तुम्ही दोघी करा.

मला कूड घालता येत नव्हता. मी गावातली असले तरी आमचं घर विटांचं. बल्ली रोवायची कुठे? खाली सगळी फरशी. मी उभी करायची, ती पडायची. शेवटी बाईच आली. खाली फरशी, वर तुळई, मध्ये बल्ली घट्ट बसवून तिने वरून लाकडाची पाचर ठोकली. हलेना. मग कमच्या कशा विणायच्या ते दाखवलं — एक पुढून, एक मागून. माती मी एकटीने कालवली होती. पातळ झाली, लिंपली आणि सगळी सरकत खाली आली.

"शेवंते, हे भिंत होय का पिठलं?" बाई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मीही हसले. हसताना मनात काय होतं माझ्या? — ही इतकी मन लावून का शिकवते, हेच.

तिने मातीत तनीस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकली, शेण टाकलं, पायांनी तुडवून मुरायला ठेवली. तळघरात ऊन नाही. जाड लेप वाळणार नाही, म्हणून पातळ पातळ थर द्यायचे, एक सुकला की दुसरा. भिंत कोणापासून आहे, हे तिने एकदाही विचारलं नाही. ती स्वतःलाच वेगळं करणारी भिंत बांधत होती आणि माझ्या हाताला वळण लावत होती.

पुढचा भाग आमचा झाला, जिना आणि झरोका असलेला. मागचा तिचा. दाराच्या जागी गोणपाट. तिची चूल मागे गेली. भिंत वर येत आली तेव्हा ती म्हणाली, "वरतं हातभर जागा सोड. नाईतर माह्या चुलीचा धूर कुठून जाईन? माह्या डोक्यातून?" धूर त्या फटीतून आमच्याकडे येऊन झरोक्यातून जायचा. मी जागा सोडली.

पण त्या फटीतून तिचं पुटपुटणंही यायचं. पहिल्यापेक्षा स्पष्ट. की मीच जास्त कान देत होते?

धान कापायचे दिवस आले आणि बाई भावाच्या गावी गेली, मूल गावाच्या पलीकडे. ती नव्हती तेव्हा मी ती जागा बुजवली. एकटीने. कमच्या विणल्या, माती तुडवली, पातळ थर दिले, अगदी तिने शिकवलं तसं. कुठे भेग नाही. खोटं कशाला बोलू — मला आनंद झाला होता.

यांनी वर बघून विचारलं, "वैनीले धूर नाई होईन का?" मी म्हणाले, "त्याच सांगून गेल्या, बुजवून टाक म्हणून. आपलं बोलणं तिकडं जाते, त्याईले अवघड वाटते." बायकांचं बायकांना ठाऊक, असं त्यांना वाटलं असावं.

बाई परत आली. माझ्यासाठी नव्या धानाचे पोहे आणले होते. ती खाली उतरली, डोक्यावरचं गाठोडं उतरवायच्या आधी तिने वर पाहिलं.

"काऊन वं? वरची जागा काऊन बुजवली?"

आता तुला सांगते. इथपर्यंत यायलाच मी एवढं लिहिलं. मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "यायनं सांगतलं."

"नामानं?"

"हो."

तिने डोक्यावरचं गाठोडं उतरवलं. मग पोहे माझ्या हातात देऊन आत गेली. चूल पेटवली. गोणपाटाखालून धूर आला, तिचा खोकला आला. मी ऐकत बसले. उठून एक कमची ओढली असती तर? ओली होती अजून माती. नुसतं बोट घातलं असतं तरी पुरे होतं.

ती यांना विचारेल, असं मला वाटत होतं. मी भीत होते. पण तिने विचारलं नाही. नवरा नसलेली बाई दिराच्या घरात असते, दिराने धूर कोंडला तर तिने काय विचारायचं? तिला समजायचं ते समजलं. त्या रात्री ती यांच्याशी नीट बोलली नाही. आठवडाही झाला नसेल, डोळे सुजलेले घेऊन म्हणाली, "भावाकडं जातो मी. तिकडं काम हाय."

हे म्हणाले, "वैनी, बाळंतपणाले ये."

"पाहू," ती म्हणाली. आली नाही.

मूल जगलं. मुलगी. विहिरीवरची शेजारीण म्हणाली, पाह्य, मी काय म्हणलं होतं? आणि मी — बघ, हेही सांगते — मी ते मानलं. बरीच वर्षं मानलं. मग त्या मुलीच्या पाठचं एक गेलं. तेव्हा घरात बाई नव्हती. मग कोणाचं तोंड पाहिलं होतं मी? ती पहाटे काय पुटपुटायची, मला आजही माहीत नाही. अजूनही कधी कधी वाटतं, काहीतरी असेलच. इतकं झाल्यावरही वाटतं. अशी आहे मी.

यांनी दोनदा तिच्या भावाकडे निरोप धाडला. ती आली नाही, तसे हे चिडले. म्हणाले, एवढी मिजास असेल तर राहू दे तिकडेच. दोघांच्या तोंडी मी त्यांनी न बोललेले शब्द घातले होते, आणि दोघं एकमेकांवर रुसून बसले होते. मध्ये मी. दोघांना वाटायचं, शेवंता बिचारी.

या उन्हाळ्यात तिच्या भावाचा माणूस सांगावा घेऊन आला. बाई गेली.

हे आधी म्हणाले, "आपली कुठी राह्यली होती ते?" मग भिंतीला टेकून बसले. बऱ्याच वेळाने उठले, मोरीत गेले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी खाली बसले. सुतकाची आंघोळ. मी पाणी ओतायला गेले.

पाठ माझ्याकडे होती. म्हणाले, "गावावरून आली ना वैनी, त्या दिवशी जेवताना मी तिले म्हणलं होतं, भावाच्या घरचं खाऊन मस्त लठ्ठ होऊन आली. ते हासली नाई. त्याचाच राग धरला असन का तिनं?"

मी लोटा भरला.

"थट्टा होती वं ते," हे म्हणाले. "एवढ्या वर्षांत मले दुसरं काही आठवलंच नाई. तुले काय वाटते? काऊन गेली असन ते?"

"मले काय मालूम," मी म्हणाले, आणि त्यांच्या पाठीवर पाणी ओतलं.