चाळीस दिवसांची पुडी

बाईंसोबत मी सतरा वर्षं एका खोलीत काम केलं, तरी त्यांच्याबद्दल मला माहीत आहे ते फार थोडं. घरी त्या एकट्या असायच्या की कुणासोबत, हेही मी कधी विचारलं नाही. त्यांच्या भाचीने चार ओळी मागितल्या म्हणून लिहितो आहे. कुठे चुकलं असेल तर तिने दुरुस्त करावं.

वनौषधींच्या दुकानात, मागच्या खोलीत आमचं काम. बाई मंजिष्ठा, लोध्र, सारिवा, कडुनिंब कुटून चाळायच्या, मी वजन करून पुड्या बांधायचो. मुरुमांसाठी कुणी आलं की मालक सरळ आत पाठवायचे. मुली तोंडावर रुमाल धरून यायच्या. बाई रुमाल काढायला सांगायच्या नाहीत. आधी विचारायच्या, "झोपतेस किती वाजता? पोट साफ होतं का? उशीचा अभ्रा कधी धुतलास?"

एक आगाऊ मुलगी म्हणाली होती, "मावशी, तुमच्याच गालांवर एवढे खड्डे, आणि लेप आम्हाला?"

"मी ह्याच रस्त्याने गेले ना गं. खड्डे कुठे आहेत ते मलाच ठाऊक."

मुलगी हसली आणि तिचा रुमाल आपोआप खाली आला.

लेप त्या सगळ्यात शेवटी द्यायच्या. आधी तळलेलं, आंबट बंद, जेवण-झोप वेळेवर, आणि फोडाला नख लावायचं नाही. "चाळीस दिवस आरशाशी अबोला धर," म्हणायच्या. चाळिसाव्या दिवसाची तारीख पुडीवर लिहायचं काम माझं. तेवढ्यात फरक पडला नाही, तर दुसरी पुडी नाही. "हे माझ्या हातचं नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा," असं स्वतःच सांगायच्या. मालकांना ते आवडायचं नाही.

मग त्यांच्याच नाकाशेजारी एक फोड आला. काळपट, वाटाण्याएवढा.

"ह्या वयात तारुण्यपीटिका," त्या म्हणाल्या. "आता स्थळं बघा माझ्यासाठी."

मी हसलो, पुडी बांधली, तारीख लिहिली. ती तारीख उलटली तरी फोड तसाच, वर त्यातून रक्त यायला लागलेलं. त्यांनी दुसरी पुडी मागितली. मी बांधून दिली. तिसऱ्या वेळी मात्र पेन हातात धरून थांबलो. बाई, डॉक्टरांकडे चला, हवं तर मी सोबत येतो, एवढंच म्हणायचं होतं. पण बाईमाणसाच्या चेहऱ्याबद्दल आपण काय बोलायचं, असं वाटलं.

"काय दादा, तारीख विसरलात?"

"नाही," म्हणालो, आणि लिहिली.

तो मुरूम नव्हताच. भाची हट्टाने दवाखान्यात घेऊन गेली, तोवर आजार गळ्यातल्या गाठींपर्यंत पोचला होता. आधी का नाही आणलंत, असं डॉक्टरांनी तिलाच विचारलं. खरं तर मला विचारायला हवं होतं. भाची म्हणते, काका, मावशीने तुमचंही ऐकलं नसतं. नसेलही. पण मी सांगितलंच नाही, त्यामुळे ते आता कुणालाच कळणार नाही.

ऑपरेशननंतर मी दोनदा भेटायला गेलो आणि दोन्ही वेळा जिन्यावरून परत आलो. दीड महिन्यात त्या गेल्या.

आमचं शेवटचं बोलणं त्याआधीचं, त्या भरती होणार होत्या त्याच्या आदल्या संध्याकाळचं. नाकाला पट्टी होती. त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

"दादा, ती नवी सारिवा ओलसर आलीय. पोत्यातून काढून पसरून ठेवा."

"ठेवतो."

"आणि पंख्याखाली नको. सगळीकडे उडेल."

"बरं," मी म्हणालो.

"येते मग."

"हं. या."