भिंतीवर सासऱ्यांचं नाव

ऑइल पेंटचा वास आला की मला धाकट्या दिराचं लग्न आठवतं. आमच्या कोपरगावाकडं लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर गणपती, मोर काढून नवरा-नवरीची नावं रंगवायची पद्धत. मांडव उभा राहिला, रंगाचे डबे आले, पण पेंटर काही आला नाही. सासूबाई रडकुंडीला आल्या, पाहुणे काय म्हणतील म्हणून. माझा रांगोळीत हात बरा, म्हटलं, मी बघते. पदर दातात धरून स्टुलावर चढले, तर बघायला सगळी गल्ली गोळा. गणपती जमला, मोर जमले, दोघांची नावंही झाली. खाली घरातल्या कर्त्या माणसाचं नाव लिहायचं, म्हणजे सासऱ्यांचं, तिथं माझा ब्रश अडला. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, मग ते भर रस्त्यावर लिहायचं कसं? सासूबाई म्हणाल्या, "मला नको इचारू बाई, मी तरी कुठं घेते?" बायका हसायला लागल्या. तेवढ्यात सासरेच आले. भिंत नीट बघितली अन् म्हणाले, "तोंडानं घ्यायचं न्हाई, हाताला कुनी अडवलंय? मोठं लिही, रस्त्यावरनं दिसलं पायजे." मी लिहिलं. लग्नात उसाच्या ट्रॉलीवाल्या एका पाहुण्यानं सासऱ्यांना विचारलं, "पेंटर कुठला हो?" ते म्हणाले, "घरचाच हाय. ट्रॉली आना दारात रंगवायला." मला विचारलंसुद्धा नाही. ट्रॉली आली त्या सकाळी सासूबाईंनी मला चुलीपुढनं उठवलं आणि स्वतः भाकरी थापायला बसल्या. आता सत्तरी आली, अजून रंगवते. सकाळच्या भाकरी मात्र या घरात मी परत कधी केल्या नाहीत.