शेठच्या बंगल्यातली परीक्षा

२००४च्या हिवाळ्यात लग्न होऊन मी अमेरिकेत, ॲन आर्बरला गेले. नवरा तिथे एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. माझा व्हिसा डिपेंडंट, म्हणजे पगाराची नोकरी करायला बंदी. सकाळी आठला तो बाहेर पडला की संध्याकाळी सहापर्यंत माझ्याशी बोलायला कोणी नसायचं. मी मुळातच कमी बोलणारी, त्यामुळे हे कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. मग एका दुपारी दुकानातल्या कॅशियर मुलीने कशी आहेस म्हणून विचारलं, तर माझा आवाजच फुटेना. खाकरून घ्यावं लागलं. मग जे ‘बरी’ म्हटलं, तो नवरा गेल्यापासूनचा माझा पहिला शब्द होता.

त्याच आठवड्यात लायब्ररीच्या फलकावर एक कागद दिसला. गावाबाहेरच्या एका जुन्या बंगल्यात लोकांना घर दाखवायला व्हॉलंटियर हवे होते.

बंगला एका कारखानदाराचा. लोहाराच्या घरात जन्मलेल्या या माणसाने एका शेडमध्ये मोटारींच्या दारांच्या कड्या आणि कुलुपं बनवायला सुरुवात केली, आणि पुढे तळ्याकाठी तीसएक खोल्यांचं घर बांधलं. गावातली लायब्ररी, हॉस्पिटलचा एक मजला, मुलांचा पोहण्याचा तलाव, सगळ्यांवर त्याचं नाव होतं. मरताना बंगलाही गावाला देऊन गेला. माझ्या नवऱ्याने पहिल्याच दिवशी त्याला ‘तुझे शेठ’ म्हणायला सुरुवात केली, आणि मग आमच्या घरात ते शेठच झाले.

ओळखीतल्या एका काकूंना मी हे फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “फुकट काम करायचंय? मग माझ्याकडे ये की. तीस जणांची पार्टी आहे शनिवारी. घर दाखव, पुऱ्याही लाट.”

व्हॉलंटियरांचं शिक्षण एका सत्तरीच्या बाईंकडे होतं. आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. मनातल्या मनात मी त्यांना बाईच म्हणायचे. त्यांनी मला एक जाड फाईल दिली. प्रत्येक खोलीची माहिती, शेठचं आयुष्य, बायकोचं आजारपण, कारखान्याचा इतिहास. “वाचून काढ,” त्या म्हणाल्या. “तीन आठवड्यांनी तू एक ग्रुप घेऊन फिरायचंस, मी मागून येईन. मग ठरवू.”

मी फाईल वाचून काढली नाही, पाठ केली. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये इतिहास असाच व्हायचा. उत्तरातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी मार्क कापले जायचे. कांदा चिरताना, कपडे वाळवताना, अंघोळ करताना मी शेठची फाईल म्हणत राहिले. संध्याकाळी नवरा परीक्षा घ्यायचा.

“जेवणाची खोली. चल.”

“थांब, दिवाणखान्यापासून सुरू करू दे.”

“अगं, मी जेवणाच्या खोलीबद्दल विचारतोय.”

“मधूनच नाही येत मला.”

“म्हणजे कोणाला भूक लागली तरी तू आधी दिवाणखान्यात बसवणार,” तो म्हणाला. मला हसू आलं, पण मी दिवाणखान्यापासूनच सुरू केलं. त्याला सांगितलं नाही, पण ते काम मला किती हवं होतं ते माझं मला माहीत होतं. आठवड्यातून एक दिवस अकरा वाजता कुठेतरी माझी वाट पाहणारी माणसं असतील, आणि मी तोंड उघडल्याशिवाय त्यांचं पुढे काही होणार नाही, एवढंच.

परीक्षेच्या दिवशी बर्फ पडून गेलेलं. ग्रुप नऊ जणांचा होता. एक आई आणि तिची दोन मुलं, कॉलेजातल्या चार मुली, आणि एक म्हातारं जोडपं. बाई हातात कागद घेऊन सगळ्यांच्या मागे. मी सुरू केलं. दिवाणखाना, जेवणाची खोली, बिलियर्डची खोली. एकही शब्द चुकला नाही. मुलांपैकी धाकट्याने मध्येच विचारलं, “शेठकडे कुत्रा होता का?” अर्थात तो शेठ म्हणाला नाही. मी थबकले आणि मग त्या खोलीचा परिच्छेद पुन्हा पहिल्या वाक्यापासून म्हटला. कॉलेजच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. बाई कागदावर काहीतरी लिहीत होत्या.

वरच्या मजल्यावर शेठच्या बायकोची निजायची खोली होती. फिकट गालिचा, खिडकीपाशी पलंग. दारात पोचेपर्यंत माझ्या डोक्यात पुढचं वाक्य चालू होतं, आणि पायांनी आपलं आपणच ठरवलं. कोणाच्या बेडरूममध्ये शिरताना चपला बाहेर राहतात तशा मी बूट काढले, दाराशी नीट जोडीने ठेवले आणि आत गेले.

वळून पाहिलं तर सगळा ग्रुप वाकलेला. त्यांना वाटलं, इथला नियमच असेल. मुलं बूट भिरकावून आत आलीसुद्धा. मुलींच्या मोज्यांवर अस्वलं होती. म्हातारे गृहस्थ एका हाताने चौकट धरून दुसऱ्याने लेस ओढत होते, आणि बायको त्यांच्या पायाशी बसली होती.

“गाठ मारलीस की वेल्डिंग केलंस?” ती म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणाले, सॉरी, माझी चूक झाली, काढायची गरज नाही. पण तोवर एक बूट निघाला होता, आणि आजोबा म्हणाले, “राहू दे. या घरात येऊन मी बूट काढीन असं कधी वाटलं नव्हतं. एकतीस वर्षं त्याच्या कारखान्यात होतो.”

फाईलमध्ये इथे काहीच नव्हतं. सगळे मोज्यांवर उभे होते, दुसरा बूट निघायचा होता. मी विचारलं, “तुम्ही त्यांना पाहिलंत?”

“हात मिळवलाय. दर ख्रिसमसला यायचा, प्रत्येकाशी हात मिळवायचा. दोन बोटं नव्हती त्याला. सुरुवातीला स्वतः पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करायचा, तिथे गेली. बड्या लोकांसमोर तो हात खिशात ठेवायचा. आमच्यासमोर नाही.”

बायको वर बघत म्हणाली, “पन्नास वर्षांत हे मला सांगितलं नाहीस.”

“तू कधी विचारलं नाहीस. हिने विचारलं.”

“चांगले होते का?” मी विचारलं. माझ्या स्वतःच्या आवाजाचं मला नवल वाटलं.

आजोबांनी दुसऱ्या बुटाची लेस ओढली. “कडक होता. संप झाला तेव्हा काही जणांना परत घेतलंच नाही. माझा भाऊ त्यात होता.” मग दुसरा बूट निघाला. “पण भाऊ शेवटचा पगार घ्यायला गेला, तेव्हा मालक स्वतः खाली आला. तोच हात पुढे केला. भावाने घेतला नाही. पुढे आयुष्यभर म्हणायचा, घ्यायला हवा होता.”

धाकट्याने पलंगाखाली वाकून पाहिलं आणि जाहीर केलं की कुत्रा नाही. उरलेल्या खोल्या मी दाखवल्या, पण पाठ केलेलं मला काही केल्या आठवेना. जे लक्षात होतं ते सांगितलं, आणि आजोबांना विचारत गेले.

सगळे गेल्यावर बाईंनी मला स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला. “पहिल्या सात खोल्यांत तू नापास होतीस,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, कोणीतरी टेप लावलीय.”

मी मान खाली घातली.

“मी इथे नऊ वर्षं आहे. ते गृहस्थ दर हिवाळ्यात येतात. मी त्यांना कधीच काही विचारलं नाही. मी सांगतच राहिले.” त्यांनी मला त्यांचा कागद दाखवला. त्यावर माझे गुण नव्हते, आजोबांची वाक्यं होती, घाईघाईत लिहिलेली. “गुरुवारी अकराला ये. ग्रुप तुझा. आणि बूट पायातच ठेव, कोणी घसरून पडलं तर मला उत्तर द्यावं लागेल.”

बाहेर नवरा गाडी घेऊन उभा होता.

“काय म्हणाले शेठ?”

गाडी निघाली आणि मी सांगायला लागले. बूट, मोजे, अस्वलं, वेल्डिंग, दोन बोटं, तो न घेतलेला हात. त्याचं काही विचारणं मला ऐकू आलं नाही. मध्येच तो म्हणाला, “अगं, हायवेवरून उतरायचा एक्झिट गेला आपला.”

“जाऊ दे, पुढचा घे,” मी म्हटलं, आणि बोलत राहिले.