बोरन्हाण बापाचं

सोलापुरात थंडी पडते यावर बाहेरचे लोक विश्वास ठेवत नाहीत. पडते; थोडीच, पण फार कोरडी. माझ्या अडीच वर्षांच्या लेकीला एक्झिमा आहे, त्यामुळे मला ती सगळ्यांच्या आधी कळते. कोपराच्या, गुडघ्यामागच्या घड्या लाल होतात, मान खरखरीत होते आणि पोर खाजवायला लागते. डॉक्टरांनी सांगितलंय, कोमट पाण्याने झटपट अंघोळ, अंग ओलसर असतानाच मलम आणि मऊ सुती कपडे. शेजारपाजारचे सल्ले वेगळेच. कुणी हळद लावा म्हणतं, कुणी डाळीचं पीठ. मी सगळ्यांना बरं म्हणते आणि मलमाची डबी उघडते.

अशात संक्रांत आली आणि लेकीच्या बोरन्हाणासाठी जेऊरहून वन्सं आल्या, म्हणजे माझी थोरली नणंद. भाचीसाठी हलव्याचे दागिने त्यांनी घरीच केले होते. मुकुट, हार, बाजूबंद. हलवा चांगला कशावरून, तर त्याच्या काट्यावरून. वन्संच्या हलव्याला असा काटा आला होता की बघत राहावं. मी मात्र लेकीची मान बघत होते. लेकीच्या मानेवरची चीर नुकती कुठे भरत होती. हार घातला तर ती खाजवून पुन्हा रक्त काढणार, आणि नको म्हणावं तर शेगडीपुढे बोटं भाजून घेतलेल्या या बाईचं मन मोडणार.

बायका जमल्या. लेकीला माझ्या जुन्या काळ्या साडीचं झबलं घालून पाटावर बसवलं. वन्सं हार घेऊन वाकल्या. मान बघून थांबल्या.

“लई सोललीय की गं. बोलली का न्हाईस?”

तेवढ्यात चिंचोळीच्या कारखान्यातली ड्युटी संपवून आमचे हे घरात शिरले आणि बायका बघून आतल्या खोलीत सटकू लागले.

“तू ये रं हिकडं,” वन्सं भावाला म्हणाल्या. “लेक तुझीच हाय न्हवं? बस पाटावर.”

सगळे दागिने बापाच्या अंगावर चढले. बाजूबंद दंडाला पुरेना, तो मनगटाला बांधला. लेक मांडीवर बसली. बोरं, चुरमुरे, उसाची पेरं बापाच्या डोक्यावरून ओतली आणि ती वेचता वेचता पोर खाजवायचं साफ विसरली. एरवी घरात करड्या आवाजात बोलणारा माणूस मुकुट सावरत बसलेला बघून बायकांची हसून पुरेवाट झाली. मला मात्र हसता हसता रडू आलं. इतक्या हौसेनं केलेले दागिने, पण वन्संच्या तोंडावर नाराजीची रेघसुद्धा नव्हती. त्यांचे हे उपकार मी विसरायची नाही.

हार काढला तर ह्यांचीच मान लाल झालेली.

“लई टोचतंय गं हे,” म्हणत ते खाजवू लागले.

लेक उठली. मलमाची डबी घेऊन आली, बोटभर मलम बापाच्या मानेला फासलं आणि थेट माझ्यासारखा दम दिला, “खाजवायचं नाही.” मग मी तिला घालते तशी फुंकर घातली.