संडासात पिळलेलं दूध

“ए तांड्यावाली, ते दूध संडासात जाऊन पिळ. फरशीवर सांडलं तर मुंग्या होतात.”

सिस्टर हे सगळ्या वॉर्डासमोर बोलली. हिंगोलीच्या दवाखान्यात माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन होऊन एक दिवस झाला होता. छाती दगडासारखी घट्ट, झंपर ओला. मी खाटेवर बसून स्टीलच्या ग्लासात दूध पिळत होते. पाच महिन्यांची माझी लेक सासूच्या मांडीवर. रडून तिचा आवाज बसला होता. सासू चमच्यानं डब्याचं दूध घालायची, ती थुंकायची.

आमच्या तांड्यात अंगावरचं दूध पायदळी पडू देत नाहीत. लेकरू पीत नसलं तर आई वाटीत पिळते आणि झाडाच्या बुडाला ओतते. दूध तुडवलं की आटतं, असं म्हाताऱ्या सांगतात. खरं-खोटं मला माहीत नाही. पण तो ग्लास मी फाटकाजवळच्या लिंबाला घालणार होते.

मी उठले. भिंतीला धरून गेले. त्या घाणीत ग्लास ओतला, उरलेलं पिळलं आणि वरून पाणी टाकलं.

तीन दिवस पाजायचं नाही, हे सिस्टरनंच सांगितलं होतं. गुंगीचं इंजेक्शन दुधात उतरतं म्हणे. मी विचारलं होतं, “काहून हो सिस्टर, तीन दिवस?”

“तुला सांगून कळणार आहे का? पोरगी झोपली ती उठलीच नाही, तर बोंबलत आमच्याच दारात याल.”

हे ऐकून कोणती आई पाजेल? मी दहावीपर्यंत शिकलेली. तरी मुकाट बसले. सिस्टरपेक्षा जास्त राग मला त्या मुकाट बसण्याचा येतो.

संडासातून परत आले तर शेजारच्या खाटेवरची बाई पोराला पाजत होती. मोठ्या जमीनदाराची सून. तिचंही हेच ऑपरेशन, माझ्याच दिवशी झालेलं. तिला सिस्टर ताई म्हणायची, उशी सरळ करून द्यायची.

“ताई, तुमी पाजून राहिल्या?”

“हो, कालपासूनच. डॉक्टर म्हणाले, नीट जाग आली की पाजा.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. डॉक्टर फेरीला आला तेव्हा मी खाटेवरून उतरून उभी राहिले.

“डॉक्टरसाहेब, आमाला दोघींना इंजेक्शन एकच दिलं का?”

“एकच.”

“मग त्यांचं दूध दूध, अन् माझं इख काहून?”

त्यानं माझा कागद पाहिला, मग सिस्टरकडे पाहिलं. ती म्हणाली, “सर, या बायांना समजत नाही. उगाच काही झालं तर? म्हणून सरसकट तीन दिवस सांगते.”

सरसकट! शेजारची खाट तिथंच होती.

डॉक्टर मला म्हणाला, “पूर्ण जागी आहेस, बाळ धरता येतंय, मग पाज. तुला चालू असलेल्या गोळ्यांनी बाळाला काही होत नाही. दूध टाकायची गरजच नव्हती.” एवढं बोलून तो पुढच्या खाटेकडे गेला. माफी कोणीच मागितली नाही.

लेकीला जवळ घेतलं तर तिनं तोंड फिरवलं. छाती इतकी ताठली होती की तिला धरताच येईना. थोडं पिळून मऊ केलं, पुन्हा लावलं. पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा तिनं धरलं. सासू म्हणाली, “पिऊन राहिली गं.” मी रडले. आनंदानं नाही, संतापानं.

आता आमच्या तांड्यावरची अंगावर पाजणारी कोणतीही बाई ऑपरेशनला निघाली की मी सोबत जाते. सहीच्या आधी डॉक्टरला विचारते. कोणतं इंजेक्शन देणार? कधी पाजायचं? नंतरच्या गोळ्या बाळाला चालतात का? मागच्या वेळी तीच सिस्टर आडवी आली.

“तुझं इथं काय काम?”

“विचारायचं काम हाय. डॉक्टरला बोलवा. त्याबिगर ही सही करणार न्हाई.”

ती चिडली. चिडू दे. आमच्या तांड्यावरच्या एकाही आईचं दूध मी आता संडासात जाऊ देणार नाही.