पाच भाकऱ्या, पाच गुण

लातुरात माझी मेस आहे. बाहेरगावहून शिकायला आलेली मुलं-मुली जेवायला असतात. शेजारच्या गल्लीत चकचकीत फरशीची दुसरी मेस निघाली आणि माझी निम्मी पानं तिकडं गेली. म्हणून मी टीव्हीवरच्या त्या जेवणाच्या स्पर्धेत नाव दिलं. तीन अनोळखी माणसं, एकेकाच्या घरी जेवण, जेवणारे दोघं यजमानाला दहापैकी गुण देणार. प्रवेशाचे दिवस तोंडावर होते. मुलांच्या आईबापांनी मला जिंकताना पाहिलं असतं, तर पोरं माझ्याकडंच धाडली असती.

बाकी दोघं नांदेडचे. एक प्राध्यापक बाई, एक निवृत्त इंजिनिअर. त्यांची जेवणं आधी झाली, गुणही कळले. नियम असा की स्वयंपाक एकट्यानं करायचा आणि पाहुण्यांबरोबर बसून जेवायचं. त्या दोघांना ते जमलं. पुलाव काय, झाकून ठेवता येतो. माझी ज्वारीची भाकरी. तव्यावरून थेट ताटात. शिवाय आमच्यात पाहुणे उठल्याशिवाय घरची बाई ताटावर बसत नाही. मी दिग्दर्शिकेशी घासाघीस केली.

"त्यांचं झालं की बसते."

"बघू," ती म्हणाली.

आमच्या बाजारात 'बघू' म्हणजे अर्धा होकार. मी तो पूर्ण धरला.

दुपारी तीनला खिडक्यांना काळी कापडं लावून शूटिंगवाल्यांनी रात्र केली. लाइटांनी खोली तव्यासारखी तापली. येसराची आमटी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी वाढली आणि मी भाकरी थापायला घेतली.

"ताई, या की. तुमचं ताट वाट बघून राहिलंय," इंजिनिअर म्हणाले.

"ताट थांबतंय, साहेब. भाकरी न्हाई थांबत."

"आम्हाला लाजवता का?" बाई हसल्या.

कॅमेऱ्यामागून दिग्दर्शिका हातानं 'बसा, बसा' करत होती. तव्यावर भाकरी फुगली होती. मी तिकडं पाहिलंच नाही. इंजिनिअरनी ताटावरून हात आडवा धरला तरी बाजूनं आणखी एक सरकवली. पाचवी मात्र त्यांनी मागून घेतली.

मग गुण. बाईंनी आठ दिले. इंजिनिअरनी पाच.

"चव उत्तम," ते कॅमेऱ्याला म्हणाले, "पण ताई सोबत बसल्या नाहीत. खानावळीत जेवल्यासारखं वाटलं."

माझं डोकं फिरलं. "पाचवी भाकरी मागताना नव्हतं का वाटलं, साहेब?"

"ताई, मी नियम सांगून राहिलो."

दिग्दर्शिका मधे आली. "एक करू. ताटं परत वाढा, तिघं बसा, दोन घास खा. तेवढं घेते. साहेब गुण परत सांगतील."

साहेबांनी होकाराची मान हलवली. त्यांनी सात दिले असते तरी मी पहिली येत होते. हिशेब माझा झाला होता.

"दहा मिनिटं द्या. पीठ मळते."

"लाइटवाले निघालेत. आहे तीच वाढा."

टोपल्यात तीन भाकऱ्या उरल्या होत्या, गार, कडा वाळलेल्या. माझ्या घरात, माझ्या हातानं, सगळ्यांदेखत त्या पाहुण्यांना वाढायच्या.

"पाच मिनिटं."

"नाही हो, ताई."

"मग न्हाई जमत," मी म्हणाले आणि खिडकीवरचं काळं कापड ओढून काढलं. खोलीत लख्ख ऊन आलं.

बाई जिंकल्या. कार्यक्रमात माझं भांडण तेवढं दाखवलं, गुण बदलायचा तो सौदा कापला. प्रवेशाच्या दिवसांत रेणापूरचा एक बाप मुलीला घेऊन दारात आला.

"टीव्हीवर भांडलेल्या तुम्हीच ना?"

"हाव. तिला जेवायला ठेवायचं का न्हाई, ते बोला."

बापानं मुलीकडं पाहिलं. "इचारून सांगतो," म्हणाला, आणि दोघं शेजारच्या गल्लीकडं वळले. मी हाक मारली नाही.