तेरियाकीला तीन हातांचं मीठ

माफी मागायची आमच्या घरात पद्धत नाही. चूक झाली की माणूस गप्प राहतो, बाजारात जातो आणि ज्याचं मन दुखावलं त्याच्या आवडीचं काहीतरी आणून ताटात वाढतो. वडील आईशी भांडले की दुसऱ्या दिवशी घरात तिच्या आवडीच्या निवट्या, खाडीच्या चिखलातली मासळी, यायच्या. आई त्या साफ करायला बसली की आम्हा भावंडांना कळायचं, मिटलं. त्यामुळे माझ्या मुलीला जपानी तेरियाकी, म्हणजे गोडसर सॉसमधला मासा, करून घालायचं मी ठरवलं, त्यात मला काही विचित्र वाटलं नाही. अडचण एवढीच होती की आयुष्यात चहापलीकडे मी काही केलेलं नव्हतं, आणि तो चहाही लोक अर्धा पिऊन, "आत्ताच घेऊन आलो होतो," असं म्हणतात.

आधी माझा गुन्हा सांगतो. मुलगी जपानला चालली होती. पनवेलमधल्याच एका क्लासला जाऊन ती दीड वर्षं भाषा शिकली, परीक्षा दिल्या, आणि तिकडच्या एका वृद्धाश्रमात तिला म्हाताऱ्यांची देखभाल करायचं काम मिळालं. नातेवाईक जमले, पेढे फिरले, जो तो तिचं कौतुक करत होता. मला गप्प बसता आलं असतं. पण चार माणसं जमली की माझ्या जिभेला खाज सुटते. मी म्हणालो, "तिकडच्या म्हाताऱ्यांचं करायला चाललीय. इथल्या म्हाताऱ्यांनी काय घोडं मारलंय?"

कोणी हसलं नाही. शहाण्या माणसानं इथं थांबावं. मी पुढं जोडलं, "मी काही सोडायलाबिडायला येणार नाही, आत्ताच सांगतो."

मुलीनं हातातला पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. त्यानंतर तीन आठवडे ती माझ्याशी "पाणी आलंय", "बेल वाजतेय" आणि "तुमचा चष्मा फ्रिजवर आहे" एवढंच बोलली. रविवारी विमान होतं. नवं विमानतळ आमच्या गच्चीवरून दिसतं, पण तिचं विमान मुंबईच्या जुन्याच विमानतळावरून. तिनं गाडी ठरवली. कोण कुठं बसणार, हे ती आईला सांगत होती तेव्हा मी पेपरआडून ऐकत होतो. पुढं मामा. मागं आजी, आई आणि ती. डिकीत दोन बॅगा. मी पेपर उलटा-सुलटा करून मनातल्या मनात तीनदा सगळ्यांना बसवून पाहिलं. मला जागा निघेना. शब्द माझाच होता, तिनं फक्त पाळला.

म्हणून शुक्रवारी सकाळी ती क्लासच्या मैत्रिणींना भेटायला बाहेर पडली आणि मी तिची वही उघडली. शेवटच्या पानावर मराठीत कृती लिहिली होती. चार चमचे सोया सॉस, तीन चमचे साखर, दोन चमचे व्हिनेगर, आलं, लसूण, अर्धी वाटी पाणी. शेवटी थोडं कॉर्नफ्लोअर, थंड पाण्यात कालवून. खाली तिरक्या अक्षरात, "तिकडची गोड दारू इथे मिळत नाही, म्हणून साखर जास्त." एवढंच? दहा मिनिटांचं काम. मला वाटलं होतं, जपान म्हणजे यंत्रबिंत्र लागेल.

मासळी बाजारात गेलो. नेहमीच्या कोळणीनं रावस कापता कापता विचारलं, "कालवणाला काय तलायला?"

"जपानी सॉसमध्ये घालायचाय."

तिचा कोयता थांबला. "अरे भावा, या रावसानं तुजा काय बिगरवलाय?"

साडेअकराला घरी आलो. मुलगी एकला येणार होती. मी रावस ओट्यावर ठेवला, बायकोला म्हणालो, "आज तू स्वयंपाकघरात यायचं नाहीस." मग गॅलरीत जाऊन फाटकाकडे पाहिलं. आत आलो. लसूण सोलला. परत गॅलरीत गेलो. अजून दीड तास ती येणार नाही हे मला माहीत होतं, पण पायांना माहीत नव्हतं.

आता मिठाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच घडलं.

आमचं घराणं मिठागरातलं. आता मिठागर नाही, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे; पण ओट्यावर खड्या मिठाची चिनी मातीची बरणी तशीच आहे आणि बरणीबरोबर आलेले नियमही. पहिला, मीठ कोणाच्या हातावर द्यायचं नाही, भांडण होतं. बरणी खाली ठेवायची, ज्याला हवं त्यानं उचलायची. दुसरा, चुलीवर भांडं दिसलं की येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्यात चिमूट टाकायची. उन्हात मीठ ओढून माणसं घामानं निथळायची, त्यांना कालवण खारटच लागायचं. आणि तिसरा नियम सगळ्यात कडक. "मीठ घातलंस का?" असं कधीही विचारायचं नाही. विचारलं म्हणजे समोरच्याच्या हातावर तुमचा भरवसा नाही. माझ्या एका काकीनं या प्रश्नावरून सासूशी सहा महिने अबोला धरला होता.

जुन्या घरी हे खपून जायचं, कारण तिथलं टोप आंघोळीला बसता येईल एवढं होतं. आणि फ्लॅटमध्ये आल्यापासून बायको स्वयंपाक करताना कोणाला आत फिरकू देत नाही. त्या दिवशी तिला मीच बाहेर काढलं होतं.

कढईत सोया सॉस ओतला. साखर, व्हिनेगर, आलं, लसूण, पाणी. मी वही पुन्हा वाचली. मीठ कुठंच नव्हतं. पान उलटून पाहिलं, मागेही नाही. मला पोरीची दया आली. घाईत लिहायला विसरली असेल बिचारी. मिठागरवाल्यांच्या घरातली मुलगी आणि मिठाशिवाय कृती? मी बरणीत हात घातला आणि बापाच्या मायेनं मूठ सैल सोडली.

पावणेएक झाले. मी गॅलरीत गेलो.

आत आलो तेव्हा माझी आई पाण्याचा तांब्या घेऊन कढईसमोर उभी होती. ऐंशी वर्षांची आहे, डोळे अधू, पण चुलीवर काही असलं की तिला दिसायला लागतं.

"काय रं ह्ये? डांबर?"

"जपानी सॉस आहे, आई."

"शिजलाय का कच्चा हाय?"

"होतोय."

ती बघत राहिली, मग तांब्या घेऊन निघून गेली. जाताना ती उजवा हात पदराला पुसत होती, हे मी पाहिलं. त्याचा अर्थ मला कळायला हवा होता. पण मला त्या वेळी सॉस घट्ट होत नाही याची काळजी लागली होती. मी कॉर्नफ्लोअर घेतलं आणि, थंड पाण्यात कशाला वेळ घालवा म्हणून, थेट कढईत टाकलं. पांढऱ्या गोळ्या तरंगायला लागल्या, एकेक करवंदाएवढी. मी त्या चमच्यानं कढईच्या कडेला चिरडत बसलो. एक चिरडली की दोन वर यायच्या. गळ्यावर घाम, कान फाटकाकडे.

चव पाहिली नाही. मिठागरवाल्यानं चव बघायची नसते, रंगावरून कळतं, असं मी कित्येक वर्षं सांगत आलोय. वेगळ्या तव्यावर रावस तळला आणि त्यातले चार तुकडे सॉसमध्ये सोडले. चार बाजूला ठेवले, दुसऱ्या वाढीसाठी. केवढा आत्मविश्वास!

ती आली. ताट वाढलेलं पाहून तिनं तिच्या आईकडे बघितलं, बायकोनं माझ्याकडे बोट दाखवलं. ती ताटावर बसली. वास घेतला. तिच्या भुवया थोड्या वर गेल्या आणि मला वाटलं, निवट्या पोहोचल्या.

तिनं घास घेतला.

तो घास तिच्या तोंडात बराच वेळ राहिला. डोळ्यांत पाणी आलं. मी क्षणभर त्याचा चुकीचा अर्थ लावला आणि माझ्याही डोळ्यांत आणलं. मग तिनं तांब्या उचलला आणि तसाच तोंडाला लावला.

"पप्पा, ह्यात मीठ कोणी घातलं?"

काकीच्या त्या अबोल्यानंतर मिठाबद्दल आमच्या घरात कोणी प्रश्न विचारला नव्हता.

"तू लिहायला विसरली होतीस," मी म्हणालो.

"विसरले नव्हते! सोया सॉस म्हणजे मीठच असतं! आणि एवढं?"

"मी चिमूटभर टाकलं," आई कोपऱ्यातून म्हणाली. "आलणी दिसत व्हतं."

"दिसत होतं? आजी, आळणी दिसतं कसं?"

मग आम्ही तिघंही बायकोकडे वळलो. ती पंख्याकडे बघत होती. "तुम्ही गॅलरीत होतात तेव्हा मी माशाला लावून ठेवलं," ती म्हणाली. "तुम्हाला थोडंच आठवणार आहे!"

मुलीनं चमचा खाली ठेवला आणि सुरुवात केली. मी वही न विचारता उघडली, कॉर्नफ्लोअरचं वाटोळं केलं, कधीच कोणाचं ऐकत नाही, समोर लिहिलेलं असतं तरी आपलंच खरं करतो, आणि मग चार लोकांत तोंडाला येईल ते बोलतो. शेवटचं वाक्य सॉसबद्दल नव्हतं. ते आम्हा दोघांनाही कळलं आणि ती थांबली. तीन आठवड्यांत ती माझ्याशी इतकं बोलली नव्हती. ती आणखी बोलली असती तरी मी ताटावरून उठलो नसतो.

"उठा," ती म्हणाली. "परत करू. तुम्ही फक्त बघायचं. हात मागे."

मी हात मागे बांधून ओट्याशी उभा राहिलो, शाळेत उभं करायचे तसा. तिनं उरलेले चार तुकडे नळाखाली धुतले. सॉस नव्यानं ठेवला. कॉर्नफ्लोअर वाटीत थंड पाण्यात कालवलं, माझ्याकडे बघत, मुद्दाम सावकाश. सॉस चमकायला लागला, चमच्याच्या पाठीला धरू लागला. मला उभं राहवेना. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतो.

तिनं आजीला चमचाभर दिला. "आलणी हाय," आजी म्हणाली.

"तिकडे आजी-आजोबांना असंच देतात. बीपी असतो त्यांना."

"तिकडचे म्हातारे नशीबवान आहेत," मी म्हणालो.

मी कढईकडे बघून बोललो होतो. तिनं ढवळणं थांबवलं नाही. थोड्या वेळानं तिनं स्वतः चव घेतली, तोंड वाकडं केलं आणि नकळत हात पुढे पसरला. "मासा जास्त धुतला गेला. दोन खडे द्या."

मी बरणीत हात घातला होता. मग काढून घेतला, बरणी उचलली आणि तिच्या हाताशेजारी ओट्यावर ठेवली. तिनं बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोन खडे उचलून टाकले.

"मामा रविवारी परस्पर येतोय," ती म्हणाली. "त्याच्या गाडीनं."

"बरं."

"म्हणजे पुढची सीट रिकामी आहे. ड्रायव्हरशी बडबड करायची नाही."

"नाही करणार. किती वाजता निघायचंय?"

"चारला."

जेवण झाल्यावर मी कपाट उघडून पांढरा शर्ट काढला आणि इस्त्री तापायला लावली.

"अहो," बायको दारातून म्हणाली, "आज शुक्रवार आहे."